काही न घडलेली रात्र

आमच्या बार्शीत शिंप्याला मास्तर म्हणतात. अण्णांना साऱ्या गावाने जन्मभर मास्तरच म्हटलं. शाळेत नव्याने आलेल्या गुरुजींनी एकदा विचारलं, वडील काय करतात, तर मी ठसक्यात सांगितलं, मास्तर आहेत. कुठल्या शाळेत, असं त्यांनी विचारल्यावर वर्गात जो हशा पिकला तो मला आजही ऐकू येतो. घरी येऊन रडवेली होऊन सांगितलं, तर अण्णा मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "अगं, खोटं कुठं बोललीस? मापात राहायला आम्हीच शिकवतो की लोकांना."

दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. पायाने चालवायचं मशीन, कोळशाची इस्त्री, कानावर पेन्सिल, गळ्यात टेप. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आणि जूनमध्ये गणवेशांच्या दिवसांत अण्णा आम्हाला दिसायचेच नाहीत, नुसता मशीनचा आवाज यायचा. आई घरी काजं करायची. एका शर्टाला सात. तिच्या मांडीवर कायम कुणाचा तरी शर्ट असायचा. दोरा दाताने तोडायची, आणि तोडता तोडता आमचे पाढे ऐकायची. सत्ते आठाला मी हमखास चुकायचे, तेव्हा तोंडातला दोरा न काढताच नुसतं 'हं?' करायची.

शिंप्याच्या घरातली म्हणून असेल, पण कुणाच्याही चरित्रात 'वडील शिवणकाम करत' असं वाक्य आलं की मी तिथे अडते. चरित्रकार ते वाक्य टाकून पुढे निघून जातात, कारण त्यांना मोठ्या प्रसंगांची घाई असते. मी मात्र तिथेच फतकल मारून बसते. एसा फिलिप रँडॉल्फ यांच्याबाबतीत असंच झालं.

नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. १९६३ साली वॉशिंग्टनमध्ये अडीच लाख माणसं जमली आणि मार्टिन लूथर किंग यांचं ते जगप्रसिद्ध भाषण झालं, एवढं आपल्याला माहीत असतं. त्या दिवशी सभेची सुरुवात करणारे चौऱ्याहत्तर वर्षांचे, उंच, ताठ कण्याचे गृहस्थ म्हणजे रँडॉल्फ. मोर्चाची मूळ कल्पना त्यांचीच, आणि तीही बावीस वर्षं जुनी. अमेरिकेतल्या काळ्या कामगारांची संघटना बांधणारा हा माणूस. पण मला त्या मोर्चापेक्षा त्यांच्या घरातल्या शिवणाच्या सामानाचंच कुतूहल जास्त.

जन्म १५ एप्रिल १८८९, फ्लोरिडा राज्यातल्या क्रेसंट सिटी नावाच्या छोट्या गावी. एसा दोन वर्षांचा असताना कुटुंब जॅक्सनव्हिलला आलं. वडील जेम्स रँडॉल्फ हे धर्मोपदेशक, पण मंडळी गरीब, वर्गणी तुटपुंजी. त्यामुळे रविवारी प्रवचन आणि उरलेला आठवडा शिवणकाम. आई एलिझाबेथ हीसुद्धा शिवणात तरबेज. मुलगे दोन, थोरला जेम्स आणि धाकटा एसा. घरात पैसा नाही, पुस्तकं मात्र आहेत. हे चित्र वाचताना मला परकं वाटलंच नाही. फक्त आमच्याकडे पुस्तकांच्या जागी रद्दीतून आणलेले दिवाळी अंक होते.

हे घर ज्या चर्चचं होतं त्याची कथा सांगायलाच हवी, कारण ती बसायच्या जागेची कथा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीला फिलाडेल्फियाच्या एका चर्चमध्ये काळे भाविक गुडघे टेकून प्रार्थना करत होते. ही जागा तुमची नाही, म्हणून त्यांना प्रार्थनेच्या मध्येच उठवायला लागले. ते उठले आणि सगळेच्या सगळे बाहेर पडले. त्यांच्यातल्या रिचर्ड ॲलन यांनी पुढे १८१६ साली काळ्यांचा स्वतंत्र पंथ काढला, आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल. ज्या चर्चमधून ते बाहेर पडले त्याचं नाव सेंट जॉर्ज. या 'जॉर्ज'कडे मी पुन्हा येणार आहे.

एसाच्या जन्मवर्षाबद्दल मला एक गोष्ट छळते. १८७३ साली ज्योतिराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, कारण त्यांनी गुलामांना दास्यातून सोडवलं होतं. शाळेत आम्ही हे एका मार्काच्या प्रश्नासाठी पाठ केलं. नेमकं त्याच साली फ्लोरिडा राज्याचे शिक्षणप्रमुख जॉनथन गिब्ज नावाचे एक काळे गृहस्थ होते. म्हणजे पुण्यात ज्योतिराव जे स्वप्न पाहत होते ते तिकडे खुर्चीवर बसलेलं होतं! आणि चारच वर्षांनी, १८७७ साली, यादवी युद्धानंतर दक्षिणेत ठेवलेलं केंद्र सरकारचं सैन्य मागे घेतलं गेलं आणि जुने मालक परत आले. १८८९ साली, एसा जन्मला त्याच वर्षी, फ्लोरिडाने मतदानावर डोईपट्टी बसवली. पैसे भरा, मग मत द्या. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो कोण, हे सांगायला नको. कायद्यात रंगाचा शब्दही न घालता काळ्यांना मतपेटीपासून हाकलता येतं, हे त्या कायदेपंडितांना बरोबर उमगलं होतं.

तेव्हा एसाच्या वडिलांनी मुलांना जे सांगितलं ते दंतकथेसारखं वाटलं असेल. काळी माणसं इथे आमदार होती, खासदार होती, रे. आपल्या पंथाचे बिशप हेन्री मॅकनील टर्नर १८६८ साली जॉर्जियाच्या विधानसभेत निवडून गेले होते आणि तिथून काळे म्हणून त्यांना हाकलण्यात आलं, तेव्हा त्यांनी भर सभागृहात काय सुनावलं, ते ऐका. रोमला नडलेला आफ्रिकेतला सेनापती हॅनिबल ऐका. हैतीतल्या गुलामांच्या उठावाचा पुढारी तूसां ल्युव्हर्त्युर ऐका, अमेरिकेतल्या गुलामांना बंडाला उठवणारा नॅट टर्नर ऐका. आणि भिंतीवरच्या चित्रातला निळ्या डोळ्यांचा येशू खरा नव्हे, तो त्या मुलखातला म्हणजे सावळाच असणार, हेही ऐका. शिवता शिवता सांगत असतील का? माझी खात्री आहे, तसंच. शिवणाऱ्या माणसाचे हात गुंतलेले असतात, पाय गुंतलेले असतात, रिकामं असतं ते तोंड. अण्णांकडून आम्ही पानिपत असंच ऐकलं, एका बाहीपासून दुसऱ्या बाहीपर्यंत. कॉलर लावताना मात्र गप्प. कॉलरीला लक्ष लागतं.

जॅक्सनव्हिलमध्ये तेव्हा ट्राम होत्या. १९०१ साली शहराने त्यांत काळ्या-गोऱ्यांच्या जागा वेगळ्या केल्या. काळ्या वस्तीने ट्रामवर बहिष्कार घातला. १९०५ साली राज्याने तसाच कायदा केला, पुन्हा बहिष्कार. त्या कायद्यात एक पळवाट होती, ती वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. गोऱ्यांच्या मुलांना सांभाळणारी काळी आया गोऱ्यांच्या भागात बसू शकत होती! म्हणजे अडचण तिच्या अंगाच्या रंगाची नव्हतीच. मांडीवर गोरं मूल असेल तर ती चालत होती, स्वतःचं असेल तर नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने याच अपवादावर बोट ठेवून तो कायदा रद्द केला, पण शहराने लगेच आपला वेगळा नियम करून डाव साधला.

रेव्हरंड रँडॉल्फनी घरात आपला नियम केला: त्या ट्राममध्ये पाय ठेवायचा नाही. लांब जायचं तर चालत जायचं. सार्वजनिक वाचनालयात काळ्यांसाठी वेगळी खोली होती, तिथेही जायचं नाही. पुस्तकांसाठी जीव टाकणाऱ्या पोरांना बापाने वाचनालय बंद केलं, याचं मला पहिल्यांदा वाचताना वाईट वाटलं. जरा अतीच नाही का, असंही वाटलं. खोली वेगळी असली तरी पुस्तकं तीच ना?

मग मला आमच्या गावातलं एक घर आठवलं. मोठं घर, नाव नको. तिथून अण्णांना निरोप यायचा, माप घ्यायला घरी या. एकदा अण्णा गेले, मी बोट धरून होते. ओसरीच्या पायरीवर बसवलं. आत पंखा फिरताना दिसत होता. तासाभराने मालक बाहेर आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, घ्या माप. अण्णांनी माप घेतलं, वहीत लिहिलं, कोट शिवला, चांगला शिवला. पण पुढच्या वेळी निरोप आला तेव्हा निरोप्याला सांगितलं, मापं आता दुकानातच घेतो म्हणावं. ते गिऱ्हाईक तुटलं. लग्नसराईतलं तुटलं, म्हणजे आईने त्या वर्षी किती जादा काजं केली ते मी बघितलंय. त्यावर घरात एका शब्दाची चर्चा झाली नाही. मला तेव्हा समजलं नव्हतं की माझ्यासमोर काही घडलं. एवढंच कळलं की त्या रस्त्याने आपण आता जात नाही.

नियम कुणी समजावून सांगितला असता तर मी विसरले असते. पायांना कळलेलं विसरत नाही. जॅक्सनव्हिलच्या उन्हात शेजारून ट्राम खडखडत जात असताना चालणाऱ्या त्या दोन पोरांचं मला नेमकं हेच वाटतं.

आता ती रात्र.

एसा शाळकरी पोर होता. गावात बातमी आली की तुरुंगातल्या एका काळ्या कैद्याला आज रात्री जमाव बाहेर ओढून झाडाला लटकवणार. दक्षिणेत हे काही नवलाचं नव्हतं. खटल्याची गरज नसे, तुरुंगाचं दार उघडून देणारेही असत. काळ्या वस्तीतली काही माणसं जमली. जेम्स रँडॉल्फ, प्रवचनं देणारा हा शांत माणूस, त्यांनी कोटाखाली पिस्तूल खोचलं आणि ते त्या माणसांबरोबर तुरुंगाकडे निघाले. जाताना घरची राखण बायकोवर. एलिझाबेथ पुढच्या खोलीत बसली, भरलेली बंदूक मांडीवर आडवी घेऊन. मुलं जवळ.

एवढंच. म्हातारपणापर्यंत रँडॉल्फ ही आठवण सांगत असत, आणि ती इतकीच आहे. गोळी सुटली नाही. जमावाला तुरुंगापुढे सज्ज उभी असलेली काळी माणसं दिसली आणि त्या रात्री कुणी फाशी गेलं नाही. रात्र सरली, वडील घरी आले.

मी या प्रसंगाकडे पुनःपुन्हा जाते ते त्यात काही घडत नाही म्हणून. जे घडतं त्याची नोंद होते, तारीख लागते. जे घडू दिलं नाही त्याची नोंद कोण ठेवणार? त्या रात्रीचा पुरावा म्हणजे मांडीवर बंदूक घेतलेल्या बाईकडे टक लावून बघणारं पोर. ज्या मांडीवर एरवी शिवण असे त्याच मांडीवर. आईच्या हातांकडे बघत असेल तो. मी बघायचे.

आणि त्या पोराने काय पाहिलं हे नीट बघायला हवं. बंदूक पाहिली, हे खरं. पण वडील घराबाहेर पडले ते एकटे नव्हे, हेही पाहिलं. एकटा शूर माणूस तुरुंगापुढे उभा राहिला असता तर त्या रात्री एकाऐवजी दोन दोर लागले असते. दहा-वीस जण उभे राहिले म्हणून लागला नाही. संघटना म्हणजे काय हे त्याला पुढे कितीही जाड पुस्तकांनी शिकवलं असेल, धडा इथेच झाला होता, आणि तोही फळा-खडूविना. पुढे त्याने बंदुकीचा रस्ता धरला नाही. १९४८ साली अमेरिकेच्या सेनेटच्या समितीपुढे जाऊन रँडॉल्फनी सांगितलं की सैन्यात काळ्या-गोऱ्यांच्या पलटणी वेगळ्या राहणार असतील तर मी आमच्या पोरांना भरती नाकारायला सांगेन. ही वाट त्यांनी गांधीजींकडून उघडपणे घेतलेली होती. त्याच वर्षी जुलैत राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सैन्यातला भेद संपवण्याचा हुकूम काढला. तिथेही पिस्तूल कोटाखालीच राहिलं, असं मला म्हणावंसं वाटतं, पण हे जरा फारच गुळगुळीत होतंय, सोडून देते.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. मला हे कधी पटलेलं नाही. एसाचे पाय बघून कुणी म्हणालं असतं की हा नट होणार, आणि ते चुकीचं नसतं. कुकमन इन्स्टिट्यूट या काळ्यांच्या शाळेत तो नाटकात, वक्तृत्वात पुढे, गाण्यात पुढे, बेसबॉलमध्येही पुढे. उत्तरेकडून आलेल्या गोऱ्या शिक्षिकांनी त्याला साहित्याची गोडी लावली. १९०७ साली वर्गात पहिला येऊन तो बाहेर पडला, आणि मग? मग काही नाही. वर्गात पहिला आलेल्या काळ्या मुलासाठी जॅक्सनव्हिलमध्ये काम होतं ते विम्याचे हप्ते गोळा करण्याचं, ओंडके रचण्याचं, रेल्वेचे स्लीपर टाकण्याचं. शेक्सपिअर पाठ असलेला मुलगा स्लीपर टाकतोय. वडिलांची इच्छा त्याने धर्मोपदेशक व्हावं. त्याने काळ्यांच्या हक्कांसाठी लिहिणारे विचारवंत ड्यू बॉइस यांचं लिखाण वाचलं आणि त्याला वाटलं, इथे सडण्यात अर्थ नाही.

१९११ साली तो बोटीने न्यूयॉर्कला गेला. नट व्हायला. हार्लेममध्ये हौशी मंडळींबरोबर हॅम्लेट, ऑथेल्लो केले. घरी कळवलं, तर आईवडिलांचं उत्तर आलं, नाटक नको. आणि गंमत अशी की हा पठ्ठ्या, जो सरकारला पुढे जन्मभर नाही म्हणणार होता, तो आईवडिलांना नाही म्हणू शकला नाही. नाटक सुटलं. आवाज मात्र राहिला. प्रत्येक शब्द धुऊन, इस्त्री करून बाहेर काढावा तसं त्यांचं बोलणं. फार वर्षांनी व्हाइट हाउसमध्ये रूझवेल्टनी त्यांना विचारलं होतं म्हणे, तुम्ही हार्वर्डच्या कुठल्या तुकडीचे? रँडॉल्फनी सांगितलं, मी हार्वर्डला गेलोच नाही. शिंप्याच्या घरात, चर्चच्या बाकांवर आणि रात्रीच्या कॉलेजात तयार झालेला आवाज तो.

नोकऱ्या कराव्या लागल्या त्याही सांगण्यासारख्या. लिफ्ट चालवली. एका बोटीवर वेटर झाले, तिथे काळ्या नोकरांना झोपायला दिलेल्या कोंदट जागेबद्दल सगळ्यांना एकत्र करायला गेले आणि कामावरून गेले. लग्न लूसिल ग्रीनशी झालं. ती आधी शिक्षिका, नंतर केशभूषेचं दुकान चालवणारी. त्या दुकानाच्या कमाईवर नवऱ्याचं 'मेसेंजर' हे मासिक चाललं आणि चळवळही. माझ्या मते या गोष्टीत लूसिलवर स्वतंत्र लेख व्हायला हवा. कामगार चळवळींच्या इतिहासात कुणाच्या तरी गल्ल्यातून निघालेले हे पैसे कधी दिसत नाहीत.

आता तो जॉर्ज.

शिकागोच्या जॉर्ज पुलमनने रेल्वेच्या शयनडब्यांची कंपनी काढली. डब्यात उतारूंची सेवा करायला त्याने मुक्त झालेले गुलाम नेमले, सेवेची सवय यांना आहेच असा त्यामागचा हिशेब. अंथरुणं घालायची, बूट पॉलिश करायचे, रात्री घंटी वाजली की धावायचं. १९२०च्या दशकात दहा हजारांवर काळे पोर्टर या एका कंपनीत होते. महिन्याला चारशे तास किंवा अकरा हजार मैल भरायचे. पगार अपुरा, बक्षिशीवर भिस्त. पॉलिशचे पैसे स्वतःचे, हरवलेल्या टॉवेलांचेही स्वतःचे. आणि उतारू प्रत्येकाला हाक मारायचे, "जॉर्ज!" मालकाचं नाव गुलामाला, ही जुनीच पद्धत. यावर कहर म्हणजे ज्यांचं खरं नाव जॉर्ज होतं अशा गोऱ्या लोकांनी, पोर्टरांना जॉर्ज म्हणू नये म्हणून एक संस्था काढली होती, अर्धी थट्टा म्हणून. हजारो सभासद झाले. त्यांना दुखत होतं ते आपलं नाव पोर्टरला जातं म्हणून. पोर्टरचं नाव कुठे गेलं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

हे मी वाचत होते ती जागा रात्रीच्या गाडीतला एसी डबा. चादर-उशी देणारा मुलगा, विशी-बाविशीचा, माझ्यापुढे खाकी पाकीट ठेवून गेला. सगळे त्याला 'ए बेडरोल' म्हणत होते. पहाटे उठले तर तो दाराजवळ गाठोड्यावर बसून छोटे टॉवेल मोजत होता. मोजून झाले की पुन्हा पहिल्यापासून. मी विचारलं, कमी आहेत का? म्हणाला, "दोन भरत नाहीत, मॅडम. ठेकेदार कापतो." मी नाव विचारलं. त्याने नाव नाही सांगितलं, डबा सांगितला. "बी टू." माझ्या पिशवीत टॉवेल नव्हता हे मला माहीत होतं, तरी मी सीटवर येऊन पिशवी तपासली.

२५ ऑगस्ट १९२५. हार्लेममधल्या एल्क्स हॉलमध्ये पाचशेच्या आसपास पोर्टर जमले. रँडॉल्फ स्वतः कधीच पोर्टर नव्हते, आणि तीच त्यांची जमेची बाजू होती, कारण कंपनी त्यांना कामावरून काढू शकत नव्हती. सभागृहात कंपनीचे हेर असणार हे सगळ्यांना ठाऊक. तेव्हा त्यांनी जमलेल्यांना सांगितलं, तुमच्यापैकी कुणीही बोलायचं नाही. सगळं मी बोलतो. पाचशे माणसं गप्प आणि एक आवाज. वडिलांची वेदी आणि सुटलेलं नाटक, दोन्ही त्या संध्याकाळी एका जागी आली असणार. पण मला त्या बोलण्यापेक्षा ते पाचशेंचं गप्प बसणं जास्त दिसतं. तुरुंगापुढच्या माणसांसारखं. नुसतं येऊन थांबणं.

पुढची बारा वर्षं भयंकर गेली. कंपनीने माणसं काढली, फितवली. १९२८ साली संप पुकारला आणि ऐन वेळी मागे घ्यावा लागला. सभासद गळाले. त्याच वर्षी थोरला भाऊ जेम्स वारला. ट्रामशेजारून चालताना बरोबर असलेला, त्या रात्री आईजवळ बसलेला. त्या रात्रीचा दुसरा साक्षीदार गेला. वडील आधीच गेले होते. संघटनेकडे पैसे नव्हते, रँडॉल्फ त्यांच्या निळ्या सर्जच्या सुटात हार्लेमभर हिंडत होते, तो सूट वापरून वापरून चकाकायला लागला होता. २५ ऑगस्ट १९३७ रोजी, बरोबर बारा वर्षांनी, पुलमन कंपनीने करारावर सही केली. महिन्याचे चारशे तासांचे दोनशे चाळीस झाले. कुठल्याही मोठ्या अमेरिकन कंपनीने काळ्या कामगारांच्या संघटनेशी केलेला तो पहिला करार. १९४१ साली त्यांनी एक लाख माणसं वॉशिंग्टनला आणण्याची धमकी दिली आणि युद्धसामग्रीच्या कारखान्यांतला वर्णभेद बंद करणारा हुकूम रूझवेल्टना काढावा लागला. तो मोर्चा निघालाच नाही. निघण्याची गरजच उरली नाही. पुन्हा एक न घडलेली गोष्ट.

दिवाळीत बार्शीला गेले तेव्हा हे सगळं अण्णांना वाचून दाखवलं. त्यांना आता नीट दिसत नाही, मशीनवर कापड टाकून ठेवलंय. आई शेजारी शेंगा सोलत होती. बंदुकीचं आलं तेव्हा तिचे हात थांबले. "आणि पोरं जागीच होती?" एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, हो. तिने पुन्हा शेंगा हातात घेतल्या.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं डोळा लागला. मग म्हणाले, "सर्ज चकाकतो तो कोपरांवर आणि बुडाला. आधी तिथंच बघायचं." मी हो म्हटलं. पुन्हा थोडा वेळ गेला.

"त्याचा बाप कोटाखाली पिस्तूल घेऊन गेला म्हणालीस?"

"हो."

"म्हणजे कोट अंगासरसा नसणार. ढगळ असणार, नाहीतर लगेच फुगवटा दिसतो." ते हाताने स्वतःच्या बरगडीपाशी चाचपत होते. "आणि शिंपीच होता ना तो? मग डाव्या अंगाला आतून खोल खिसा लावला असणार त्यानं. अस्तराच्या रंगाचा. वरून टीप दिसू द्यायची नाही."

बोटांनी त्यांनी हवेतच खिशाचं माप घेतलं. वीतभर, आणि वर दोन बोटं.